‘थिंग’, ‘टिंग’ आणि ‘डिंग’ : उत्तर युरोपातल्या एका शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दाविषयी आहेत?

आइसलँडच्या संसदेचे नाव आल्थिंगी, डेन्मार्कच्या संसदेचे फोल्केटिंग, नॉर्वेच्या संसदेचे स्टूर्टिंग आणि फेरो बेटांच्या संसदेचे लॉगटिंग असे आहे. या चारही नावांच्या शेवटी एकच शब्द आहे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे मध्ययुगातल्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेत, तो ‘थिंग’ असा होता, आइसलँडमध्ये तो जवळजवळ तसाच राहिला आणि इतर नॉर्डिक भाषांत त्याचा ‘टिंग’ झाला. शाळेत आपण इंग्रजीत ‘वस्तू’ या अर्थाने जो ‘थिंग’ शिकतो, तो या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. जर्मनमधला ‘डिंग’ही त्याच घरातला. एकच शब्द एका देशात संसद, दुसऱ्या देशात न्यायालय आणि तिसऱ्या देशात टेबलावर पडलेली कुठलीही किरकोळ वस्तू कसा झाला, याभोवतीच खालचे बहुतेक प्रश्न फिरतात.

मूळ अर्थ कोणता, सभा की वस्तू?

सभा. आधी ‘वस्तू’ हा अर्थ होता आणि त्यातून पुढे ‘सभा’ निघाली, असा समज पुष्कळांचा असतो, कारण इंग्रजीतून आपल्याला वस्तूच आधी भेटते. लेखी पुरावा मात्र उलट दिशेने जातो. इंग्लंडमधल्या केंटच्या ह्लोथहेर आणि ईड्रिक या राजांच्या सातव्या शतकातल्या कायद्यात हा शब्द न्यायसभेसाठी आला आहे. रोमन काळातल्या ब्रिटनमध्ये, हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स या ठाण्यावर, जर्मॅनिक सैनिकांनी तिसऱ्या शतकात उभारलेल्या वेदीवर ‘मार्स थिंक्सस’ असे देवाचे नाव कोरलेले आहे (मार्स हा रोमनांचा युद्धदेव) आणि त्याचा अर्थ ‘सभेचा मार्स’ असा सर्वसाधारणपणे लावला जातो. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या उत्तरेला, व्हालेनटुना भागात, अकराव्या शतकातले दोन रुनशिलालेख, म्हणजे जुन्या जर्मॅनिक रुनलिपीत कोरलेले दगड, उभे आहेत. उल्फ नावाच्या माणसाच्या मुलांनी बापाच्या स्मरणार्थ ‘थिंगची जागा’ बांधली, असे त्यांवर लिहिले आहे. दगडांनी आखलेला तो चौकोन आजही पाहता येतो. बापाचे नाव राहावे म्हणून मुलांनी गावाला सभेची जागा करून द्यावी, यावरून त्या समाजात या शब्दाचे वजन काय होते ते कळते.

मग सभेची ‘वस्तू’ कशी झाली?

मराठी वाचकाला हे समजायला लांब जावे लागत नाही, कारण आपल्या भाषेत नेमका हाच प्रवास झालेला आहे. ‘गोष्ट’ हा शब्द घ्या. संस्कृतमध्ये ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंची बसण्याची जागा, गोठा. त्यापासून ‘गोष्ठी’ म्हणजे माणसांची एकत्र बसण्याची जागा, मंडळी, सभा. मंडळी बसली की बोलणे आले, म्हणून गोष्ठीचा अर्थ संभाषण झाला. बोलण्याचा विषय तो मुद्दा, म्हणून ‘त्या गोष्टीचा विचार झाला’ असे आपण म्हणू लागलो. आणि शेवटी ‘घरात लागणाऱ्या गोष्टी’ असे म्हणताना आपल्या मनात सभा नसते, संभाषण नसते, निव्वळ वस्तू असतात. कथा हा अर्थ त्याच वाटेवर फुटलेला एक फाटा आहे.

‘थिंग’ याच पायऱ्या उतरला: सभा, सभेपुढे आलेला खटला, खटल्याचा विषय, कोणताही विषय, कोणतीही बाब, आणि मग हातात धरता येईल अशी वस्तू. जुन्या नॉर्समध्येच, विशेषतः अनेकवचनात, या शब्दाचा चीजवस्तू असा अर्थ होऊ लागला होता; म्हणजे दोन्ही अर्थ काही काळ शेजारी नांदले. मोठा फरक एवढाच, की मराठीत सभेचा अर्थ ‘गोष्ट’मधून पूर्ण गेला आणि तो ‘गोष्ठी’, ‘परिसंवाद-गोष्ठी’ अशा संस्कृत वळणाच्या शब्दांत उरला, तर नॉर्डिक देशांत सभेचा अर्थ राज्यघटनेत जाऊन बसल्यामुळे टिकला.

हा काही दोनच भाषांचा योगायोग नाही. लॅटिनमधला ‘काउसा’, म्हणजे खटला, फ्रेंचमध्ये ‘शोझ’ आणि इटालियनमध्ये ‘कोझा’ होऊन वस्तू बनला. जर्मनमधला ‘झाखे’ मूळचा तंटा, आज वस्तू. त्याच ‘झाखे’चा नॉर्डिक भाऊ ‘साक’ स्वीडिशमध्ये वस्तूही आहे आणि प्रकरणही, डॅनिशमधला ‘सेय’ मुख्यतः प्रकरण किंवा खटला आहे, आणि आइसलँडिकमधला ‘सॉक’ अजूनही आरोप, दोष, कारण याच रानात आहे. नॉर्वेजियन आणि स्वीडिश माणूस ‘साकेर’ आणि ‘टिंग’ अशी जोडी लावून ‘सगळ्या गोष्टी’, ‘चीजवस्तू’ म्हणतो, तेव्हा तो नकळत ‘तंटे आणि न्यायसभा’ असेच म्हणत असतो. माझ्या मते या साऱ्या विषयातली ही सर्वांत गमतीची जोडी आहे.

आज प्रत्येक भाषेत या शब्दाचा अर्थ काय?

आइसलँडिकमध्ये ‘थिंग’ म्हटले की पहिल्यांदा संसद किंवा परिषद डोळ्यांपुढे येते. खासदार म्हणजे ‘थिंग’चा माणूस, विद्वानांचे चर्चासत्र म्हणजे ‘माउल्थिंग’, शब्दशः भाषणाचे थिंग. हाती घेण्याजोग्या वस्तूसाठी तिथे ‘ह्लुतुर’ हा वेगळा शब्द आहे, ज्याचा जुना अर्थ वाटा किंवा चिठ्ठी टाकून आलेला हिस्सा. तरी वस्तूचा अर्थ अगदी गेलेला नाही: कामाला येणाऱ्या वस्तूला आइसलँडिकमध्ये ‘थार्फाथिंग’, म्हणजे गरजेची वस्तू, म्हणतात.

डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये दोन्ही अर्थ जिवंत आहेत. ‘टिंग’ म्हणजे रोजच्या वापरातली वस्तू किंवा बाब, आणि ‘टिंग’ म्हणजेच सभा, न्यायालय, संसद. ‘इंगेनटिंग’ म्हणजे काहीच नाही. फोल्केटिंग म्हणजे लोकांची सभा. तिच्यात १७९ सदस्य असतात, त्यांतले दोन ग्रीनलंडचे आणि दोन फेरो बेटांचे. स्टूर्टिंग म्हणजे मोठी सभा, सदस्य १६९. नॉर्वेत प्रथम स्तराच्या न्यायालयाला ‘टिंगरेत’ म्हणतात आणि न्यायालयाच्या इमारतीला ‘टिंगहूस’. त्यामुळे ओस्लोत ‘टिंग’ नावाचे दोन मोठे पत्ते आहेत: एका ठिकाणी कायदे होतात, दुसऱ्या ठिकाणी ते लावले जातात.

स्वीडिशमध्ये या शब्दाचा कल न्यायालयाकडे आहे. ‘टिंग्सरेत’ म्हणजे जिल्हा न्यायालय. कायद्याचे पदवीधर न्यायालयात उमेदवारी करतात, तेव्हा ते ‘टिंग बसतात’ असा वाक्प्रयोग आहे. वस्तू हा अर्थही आहे, पण रोजच्या बोलण्यात स्वीडिश माणूस ‘साक’ किंवा ‘ग्रेय’ म्हणतो. ‘टिंग’ जरा पुस्तकी वाटतो. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या जाळ्याला डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘टिंग’चे इंटरनेट म्हणतात, तर स्वीडिशमध्ये ‘साक’चे इंटरनेट. सवय कुठे वळली आहे हे अशा नव्या शब्दांतून चांगले कळते.

फेरोईजमध्येही सभेसाठी ‘टिंग’ आहे. तोर्स्हाव्हन बंदरात घुसलेल्या खडकाळ जिभेचे नाव टिंगानेस, म्हणजे सभेचे टोक. तिथल्या गवताच्या छपरांच्या लाल इमारतींत आज फेरो बेटांच्या सरकारची कचेरी आहे. १८१६ मध्ये लॉगटिंग बरखास्त झाले आणि १८५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले.

एकाच भाषेत दोन अर्थ असतील तर लोकांचा गोंधळ होत नाही का?

डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये व्याकरणच मदतीला येते. वस्तूच्या अर्थी असलेला ‘टिंग’ ‘एन’ हे उपपद घेतो, आणि सभेच्या अर्थी असलेला ‘टिंग’ नपुंसकलिंगी राहून ‘एत’ घेतो. ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू, ‘एत टिंग’ म्हणजे सभा. मूळ शब्द नपुंसकलिंगीच होता. म्हणजे सभेने जुने लिंग जपले आणि वस्तू नव्या घरी गेली. मराठीत ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ यांत आपण असाच भेद करतो: ‘बराच वेळ गेला’ आणि ‘निघायची वेळ झाली’. लिंग बदलताच अर्थ बदलतो आणि बोलणाऱ्याला विचारही करावा लागत नाही. स्वीडिशमध्ये ही सोय नाही. तिथे दोन्ही अर्थी नपुंसकलिंगच चालते आणि संदर्भावरून अर्थ ठरतो.

‘आल्थिंगी’ आणि स्वीडिश ‘आल्टिंग’ एकच का?

घडण एकच, अर्थ वेगळे. दोन्हींत ‘सर्व’ अधिक ‘थिंग’ आहे. आइसलँडमध्ये त्याचा अर्थ ‘सर्वांची सभा’, म्हणून ती राष्ट्रीय संसद. स्वीडिशमध्ये ‘आल्टिंग’ म्हणजे ‘सर्व काही’. डॅनिशमध्येही ‘सर्व काही’साठी हाच शब्द आहे, आणि आइसलँडच्या संसदेचा उल्लेख करताना डॅनिश माणूस त्यालाच निश्चित प्रत्यय लावतो. भाषांतर यंत्राच्या भरवशावर सोडणाऱ्यांनी या शब्दापाशी थांबून पाहावे.

थ, ट आणि ड असा फरक का पडला?

मूळ ध्वनी जीभ दातांना लावून सोडलेल्या वाऱ्याचा होता, जो मराठीत नाही. आपला ‘थ’ त्याला फक्त जवळचा. जुन्या नॉर्समध्ये तो लिहायला ‘थॉर्न’ नावाचे अक्षर होते, जे रुनलिपीतून लॅटिन लिपीत आले आणि आज केवळ आइसलँडच्या वर्णमालेत उरले आहे. आइसलँड आणि इंग्लंड यांनी तो ध्वनी राखला. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मध्ययुगाच्या उत्तरार्धात या ध्वनीचा ‘ट’ झाला, आणि फेरोईजमध्येही तेच घडले. जर्मनीत तो आधीच ‘ड’कडे वळला होता. म्हणून इंग्रजी ‘थ्री’, आइसलँडिक ‘थ्रीर’, डॅनिश ‘त्रे’ आणि जर्मन ‘द्राय’ अशी रांग लागते. त्या रांगेच्या टोकाला आपला ‘तीन’ही उभा आहे, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न येतो.

या शब्दाचे संस्कृतशी नाते आहे का?

इंडो-युरोपीय भाषांत मूळ ‘त’ जर्मॅनिक शाखेत ‘थ’सारखा झाला, हा नियम याकोब ग्रिम यांच्या नावाने ओळखला जातो. संस्कृतने ‘त’ तसाच ठेवला. त्यामुळे संस्कृत ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘तृष्णा’ आणि इंग्रजी ‘थर्स्ट’, ‘त्वम्’ आणि आइसलँडिक ‘थू’ अशा जोड्या जुळतात. ‘थिंग’साठी व्युत्पत्तिकार ‘ताणणे, पसरणे’ या अर्थाचा मूळ धातू सुचवतात. संस्कृत ‘तन्’ त्याच धातूचा आहे, आणि आपले तंतू, ताण, ताणणे हे त्याचेच. हे मत सर्वांनी मानलेले नसले तरी त्याच्या बाजूने एक चांगला साक्षीदार उभा केला जातो. गॉथिक या नामशेष झालेल्या जर्मॅनिक भाषेत ‘थैह्स’ असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘काळ’ असा आहे. म्हणजे ताणलेला काळ, त्यातून ठरवलेली वेळ, आणि ठरल्या वेळी भरणारी ती सभा, असा क्रम मांडला जातो.

संस्कृत जाणणाऱ्याला हा क्रम ओढूनताणून आणलेला वाटणार नाही. ‘सम्’ आणि ‘इ’, म्हणजे एकत्र येणे, यापासून ‘समिती’ झाली आणि त्याच घटकांपासून ‘समय’ही झाला; समयाचा एक जुना अर्थ ठराव किंवा करार असाही आहे. सभा, ठरलेली वेळ आणि ठराव हे तिन्ही अर्थ एकाच मुळावर येऊ शकतात, हे आपल्या घरातच दिसते.

जुन्या थिंगमध्ये प्रत्यक्षात काय चाले?

आजच्या शब्दांत सांगायचे तर एकाच वेळी विधिमंडळ, न्यायालय, बाजार आणि जत्रा. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मॅनिक टोळ्यांच्या सभांचे वर्णन करून ठेवले आहे: सभा अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरते, न पटल्यास लोक कुरकुर करतात आणि पटल्यास भाले वाजवतात. नॉर्स जगात शस्त्र उचलून संमती देण्याच्या या रिवाजाला ‘वाप्नाताक’ म्हणत. डॅनिश लोक राहिले त्या इंग्लंडच्या भागात ‘वेपनटेक’ हे पुढे चक्क तालुक्यासारख्या प्रशासकीय विभागाचे नाव झाले.

आइसलँडमध्ये ९३० च्या सुमारास थिंगवेट्लिर या मैदानावर आल्थिंगी भरू लागली. दरवर्षी उन्हाळ्यात देशभरातून लोक घोड्यांवरून येत, दगडमातीच्या भिंतींवर कापड ताणून राहुट्या करत आणि सुमारे दोन आठवडे मुक्काम करत. कायदे तेव्हा लिहिलेले नव्हते. म्हणून कायदा मुखोद्गत असलेला एक अधिकारी तीन वर्षांसाठी निवडला जाई आणि तो दरवर्षी एक तृतीयांश कायदा लोकांसमोर म्हणून दाखवी, म्हणजे त्याच्या कारकिर्दीत सारा कायदा एकदा कानांवरून जाई. ज्या उंचवट्यावरून तो बोले, त्याला लॉगबेर्ग, म्हणजे कायद्याचा खडक, म्हणतात. पाठांतराने ग्रंथ जपणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकाला या माणसाचे काम वेगळे समजावून सांगायला नको.

इसवी सन १००० च्या सुमारास याच ठिकाणी आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जुन्या धर्माचे आणि नव्या धर्माचे लोक एकमेकांचा कायदा मानायला तयार नव्हते. निवाडा थोर्गेइर या कायदेपाठकावर सोपवण्यात आला, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा होता. तो अंगावर पांघरूण घेऊन एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला आणि उठल्यावर म्हणाला, की कायदा फाडला तर शांतताही फाटेल; म्हणून सर्वांनी एकच कायदा आणि एकच धर्म घ्यावा. घोड्याचे मांस खाणे यांसारख्या काही जुन्या गोष्टींना मात्र त्याने तूर्त मुभा ठेवली. बाराव्या शतकात आरी थोर्गिल्सन याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या सभेला लोकशाही म्हणताना मात्र जरा जपावे. गुलामांना तिथे आवाज नव्हता, स्त्रियांना मत नव्हते, आणि सत्ता मुख्यतः सरदारांच्या हातात होती. शिवाय निकाल लागला तरी तो अमलात आणायला राजा नव्हता, पोलीस नव्हते. ज्याच्या बाजूने निकाल लागला त्यानेच तो बजावायचा. कमी गुन्ह्याला तीन वर्षांची तडीपारी, मोठ्या गुन्ह्याला अशी हद्दपारी की त्या माणसाला कोणीही ठार मारले तरी दोष नाही. आणि पुढे डॅनिश राजांच्या काळात त्याच मैदानावरच्या नदीच्या एका डोहात स्त्रियांना बुडवून देहदंड दिला जाई; तो डोह आजही ‘बुडवण्याचा डोह’ या नावानेच दाखवला जातो.

आल्थिंगी ही जगातली सर्वांत जुनी संसद आहे, हे खरे का?

अटी लावून खरे. ९३० पासूनचे नाव तेच आहे, पण काम तेच नाही आणि अखंडही नाही. १२६२ ते १२६४ या काळात आइसलँड नॉर्वेच्या राजाच्या अमलाखाली गेल्यावर कायदे करण्याचा अधिकार आक्रसत गेला आणि ती हळूहळू न्यायालयच उरली. १७९८ मध्ये थिंगवेट्लिरवर ती शेवटची भरली, १८०० मध्ये ती रद्द झाली आणि १८४५ मध्ये रेक्याविकमध्ये सल्लागार सभा म्हणून पुन्हा सुरू झाली. पंचेचाळीस वर्षांची ही खिंड अभिमानाने बोलताना बहुधा वगळली जाते. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या मॅन बेटाची टिनवाल्ड ही सभा अखंडतेच्या बाबतीत स्वतःचा दावा सांगते आणि दोन्हींची तुलना होत राहते. जागेची ओढ मात्र टिकली: १७ जून १९४४ रोजी आइसलँडचे प्रजासत्ताक थिंगवेट्लिरवरच, लॉगबेर्गपाशी, जाहीर झाले.

स्वीडनच्या संसदेच्या नावात ‘टिंग’ का नाही?

स्वीडनने ‘रिक्सदाग’ हे नाव जर्मन वळणाने घेतले. ‘रिके’ म्हणजे राज्य आणि ‘दाग’ म्हणजे दिवस. सभेसाठी ठरलेला दिवस तोच सभेचे नाव झाला. पाहा, इथेही वेळ आणि सभा एकमेकींच्या पाठोपाठ आल्याच. डेन्मार्कमध्येही १८४९ ते १९५३ या काळात संसदेला ‘रिग्सदेय’ म्हणत आणि तिची दोन सभागृहे होती, फोल्केटिंग व लान्स्टिंग. १९५३ च्या राज्यघटनेने वरिष्ठ सभागृह रद्द केले आणि फोल्केटिंग एकटे उरले. नॉर्वेत स्टूर्टिंग स्वतःचेच लागटिंग व ओदेल्सटिंग असे दोन भाग करून कायदे करत असे. ती पद्धत २००९ मध्ये संपली. स्वीडनमध्ये आरोग्यसेवा चालवणाऱ्या जिल्हा परिषदांना ‘लान्स्टिंग’ म्हणत, पण २०२० पासून त्यांना अधिकृतपणे ‘रेगिऊन’ म्हणतात. ग्रीनलंडच्या संसदेचे डॅनिश नावही पूर्वी ‘लान्स्टिंग’ होते. आता तिला ग्रीनलंडच्या भाषेतल्या इनात्सिसार्तुत याच नावाने ओळखतात.

‘लागटिंग’, ‘लॉगटिंग’ यांतला ‘लाग’ काय आहे?

कायदा. शब्दशः ‘घालून दिलेले’, आपण ‘घालून दिलेला नियम’ म्हणतो तसेच. इंग्रजीतला ‘लॉ’ हा शब्द इंग्रजांनी नॉर्स लोकांकडूनच घेतला आहे. स्वीडिश बोलणाऱ्या पण फिनलंडचा स्वायत्त भाग असलेल्या ओलांड बेटांच्या ३० सदस्यांच्या विधिमंडळालाही ‘लागटिंग’ म्हणतात.

डेन्मार्कमध्ये घर घेतल्यावर ‘टिंगल्युस्निंग’ करावे लागते. याचा वस्तूशी संबंध आहे का?

नाही, सभेशी आहे. ‘टिंग’ अधिक ‘जाहीर करणे’, म्हणजे थिंगमध्ये दवंडी देणे. जमीन हातची गेली किंवा गहाण पडली तर ते भरसभेत सर्वांच्या कानांवर घालायचे, म्हणजे नंतर कोणी ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणू शकत नाही, हा त्यामागचा विचार. आज सभा नाही, संगणकावरची नोंद आहे, पण नाव राहिले. आपल्याकडच्या दस्तनोंदणीचे जे काम, तेच हे. नॉर्वेजियनमध्ये ‘टिंगल्यूसिंग’ आणि आइसलँडिकमध्ये ‘थिंगलीसिंग’ अशी त्याची रूपे आहेत. परदेशी माणसाला हा शब्द ‘वस्तूंवर प्रकाश टाकणे’ असा वाटतो आणि तो गोंधळतो.

ब्रिटनमध्ये या शब्दाच्या खुणा कुठे दिसतात?

जिथे जिथे नॉर्स लोक वसले तिथे. ‘थिंगवोल्ल’, म्हणजे सभेचे मैदान, या एकाच जोडशब्दापासून आइसलँडचे थिंगवेट्लिर, नॉर्वेचे टिंगवोल, शेटलंडचे टिंगवॉल, स्कॉटलंडचे डिंगवॉल, लिव्हरपूलजवळचे थिंगवॉल आणि मॅन बेटाचे टिनवाल्ड अशी गावांची आणि जागांची माळ तयार झाली आहे. शेटलंडमध्ये ही सभा तळ्यात शिरलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर भरे. मॅन बेटावर दरवर्षी ५ जुलैला सेंट जॉन्स गावच्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवर सभा भरते आणि नवे कायदे इंग्रजीत व बेटाच्या स्वतःच्या मँक्स भाषेत जाहीर केले जातात. इंग्रजीत निवडणूक प्रचाराला ‘हस्टिंग्ज’ म्हणतात, त्यात ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘थिंग’ आहे. राजाने किंवा सरदाराने आपल्या घरच्या लोकांची बोलावलेली ती छोटी सभा. इंग्रजीतला वस्तूवाचक ‘थिंग’ मात्र असा उसना नाही, तो तिथला जुनाच आहे.

मंगळवाराचा या शब्दाशी काही संबंध आहे, असे ऐकले. ते कसे?

रोमन लोकांचा हा वार मार्स देवाचा, म्हणजे मंगळ ग्रहाचा. आपला मंगळवारही त्याच ग्रहाचा. जर्मॅनिक लोकांनी मार्सच्या जागी आपला देव ट्यूर बसवला, म्हणून डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये त्या वाराला ‘तीर्सदाग’सारखे नाव आहे आणि इंग्रजीत ‘ट्यूजडे’. जर्मन ‘डीन्सटाग’ आणि डच ‘दिन्सदाख’ मात्र ट्यूरच्या नावावरून न येता वर सांगितलेल्या ‘थिंक्सस’ या विशेषणावरून आले, असे मानतात. म्हणजे नॉर्डिक देशांत देवाचे नाव उरले आणि जर्मनीत त्याच्या सभेचे.

फिनिश आणि सामी भाषांत हा शब्द आहे का?

या भाषा नॉर्स कुळातल्या नाहीत. फिनिशमध्ये न्यायसभेसाठी ‘कॅरॅयॅत’ असा निराळा शब्द आहे आणि स्वीडिश ‘टिंग्सरेत’ला फिनिशमध्ये त्यावरूनच नाव दिले आहे. उत्तर सामी भाषेने मात्र शेजाऱ्यांकडून हा शब्द उचलला आणि आपल्या उच्चारात बसवून ‘दिग्गी’ केला. म्हणून सामी लोकांच्या संसदेला ‘सामेदिग्गी’ म्हणतात. नॉर्वेत ती १९८९ मध्ये, स्वीडनमध्ये १९९३ मध्ये आणि फिनलंडमध्ये १९९६ मध्ये सुरू झाली. मोठ्या शेजाऱ्याच्या न्यायसभेचा शब्द घेऊन अल्पसंख्य समाजाने त्याच नावाने स्वतःची सभा उभी केली, हे त्या शब्दाच्या चरित्रातले सर्वांत ताजे पान आहे.

मराठी ‘टिंगल’ किंवा ‘डिंग मारणे’ यांच्याशी नाते?

काही नाही. ध्वनी जुळला एवढेच.

जुन्या नॉर्स मजकुराचे मराठी भाषांतर करताना ‘थिंग’साठी काय लिहावे?

‘संसद’ लिहिल्यास फार आधुनिक वाटते आणि न्यायनिवाड्याचा भाग गळतो. ‘पंचायत’ लिहिल्यास नेमके पाच जण बसलेले दिसतात. ‘दरबार’मध्ये राजा येतो, जो आइसलँडमध्ये नव्हताच. ‘सभा’ हा शब्द बहुतेक ठिकाणी निभावतो, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘थिंग नावाची लोकसभा’ असे लिहिण्याचा मोह टाळावा, कारण मराठी वाचकासाठी लोकसभा दिल्लीत आहे. जिथे तोच शब्द अनेकवचनात दागिने, शस्त्रे, लुटीचा माल यांसाठी येतो तिथे ‘चीजवस्तू’ ठीक. आणि एखाद्या वाक्यात कवीने दोन्ही अर्थांवर मुद्दाम खेळ केला असेल, तर ‘गोष्ट’ वापरून पाहावे. ‘गोष्टीला बसले’ ही जुनी मराठी अजून वाचकाच्या कानाला कळते, आणि तिथे तरी तळटीप लागत नाही.